डिटा एक्सएमएलमध्ये मॅन्युअल लिहायला स्वस्तातला एडिटर कोणता?

डिटा म्हणजे मॅन्युअल छोट्या-छोट्या विषयांत तोडून, टॅग (मजकुराच्या भागांना लावायच्या खुणा) लावून लिहायची एक्सएमएलची ठरलेली पद्धत. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी लिहायचं असेल तर महागडं लायसन्स घेण्याआधी व्हीएस कोड हा एडिटर वापरून बघा. तो फुकट आहे. त्यात रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेन्शन टाका आणि सेटिंगमध्ये डिटा ओपन टूलकिटच्या (डिटाच्या फाइलींपासून मॅन्युअल तयार करणारं सॉफ्टवेअर) फोल्डरमधल्या कॅटलॉग फाइलचा (डिटाच्या नियमांच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारी यादी) पत्ता द्या. ही पायरी बहुतेकांकडून राहते. मग एडिटरला डीटीडी (कोणता टॅग कुठे चालतो ते सांगणारी नियमांची फाइल) सापडत नाही, चुकीच्या जागी टाकलेला टॅग दाखवला जात नाही आणि सगळं पब्लिश करताना फुटतं.

पीडीएफ आणि एचटीएमएल हे टूलकिटच बनवतं. तेही मोफत, फक्त कॉम्प्युटरवर जावा असावं लागतं; टूलकिटच्या ४.० आवृत्तीपासून पुढे जावा १७. मराठी मजकूर असेल तर पीडीएफसाठी देवनागरी फॉन्ट वेगळा नेमून द्या, नाहीतर अक्षरांच्या जागी # उमटतात.

लेखकांना टॅग नकोच असतील तर एक्सएमएलमाइंड हा एडिटर बघा. वर्डसारखं लिहिता येतं. पर्सनल एडिशन फुकट आहे, पण ऑफिसच्या कामाला चालत नाही, अटी आधी वाचा. ऑक्सिजन हा एडिटर सर्वांत सोयीचा, पण पैसे मोजावे लागतात. आणि एकाच उत्पादनाचं छोटं मॅन्युअल असेल तर डिटा कशाला? आस्कीडॉक (साध्या मजकुरात सोप्या खुणांनी लिहायची पद्धत) पुरेल.