घरात चेचेन, शाळेत जर्मन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी व्हिएन्नात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात काही चेचेन मुलं आहेत. माहितीपत्रकात 'रशियन' लिहिलं की ती खवळतात. पासपोर्ट तर रशियाचाच असतो, मग लिहायचं काय?

उत्तर: नागरिकत्व आणि समाज या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या की हा घोळ होतो. चेचन्या हे रशियन संघराज्यातलं प्रजासत्ताक, म्हणून कागदावर रशिया येतो. पण 23 फेब्रुवारी 1944 पासून स्टालिनच्या हुकमाने चेचेन आणि त्यांचे शेजारी इंगुश मिळून सुमारे पाच लाख माणसं मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि किर्गिझस्तानात धाडली गेली. परतीची वाट 1957 मध्ये खुली झाली. पुढे 1994 आणि 1999 मध्ये रशियाशी दोन युद्धं पेटली. ऑस्ट्रियातली बरीच कुटुंबं दुसऱ्या युद्धानंतर, बेलारूसच्या ब्रेस्टहून रेल्वेने पोलंडमधल्या तेरेस्पोलला उतरून पुढे सरकलेली आहेत. 'रशियन' म्हणजे घरात कोणाला म्हणतात, हे पोराला कोणी न सांगताच कळलेलं असतं.

जन्मस्थान, नागरिकत्व आणि घरातली भाषा असे तीन रकाने करा. ऑस्ट्रियात जन्मलं म्हणून आपोआप ऑस्ट्रियन नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे व्हिएन्नात जन्मलेलं मूलही कागदावर परकंच असू शकतं. 'मातृभाषा कोणती?' असं विचारलं तर मूल मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतं. त्यापेक्षा आजीशी काय बोलतोस, भावंडांशी काय, आई मोबाइलवर कुठल्या भाषेतलं बघते, असं सुटं सुटं विचारा. चेचेन, जर्मन, रशियन अशी तीन वेगळी उत्तरं येणं अगदी सामान्य आहे. पालकसभेला रशियन दुभाषी बोलावण्याआधी पालकांची संमती घ्या. आणि 23 फेब्रुवारीला शुभेच्छा देऊ नका. रशियात तो सैनिकांचा सण आहे. चेचन्यात सरकारी शोकदिवस आता 10 मेला पाळतात, पण परदेशातली घरं फेब्रुवारीतलीच तारीख धरून आहेत.

प्रश्न: शेजारच्या चेचेन ताईंची मुलं आईचं सगळं समजतात, पण उत्तर जर्मनमध्ये देतात. ताई फार खंतावतात. काही उपाय?

उत्तर: आधी मुलं गप्प का होतात ते पाहू. चेचेनमध्ये नामांचे, आपल्या लिंगांसारखे, सहा वर्ग आहेत आणि पुष्कळ क्रियापदांचा पहिला आवाज त्या वर्गानुसार बदलतो. स्वागत करताना येणाऱ्या पुरुषाला 'मार्शा वोग़ीला' म्हणायचं, बाईला 'मार्शा योग़ीला', अनेक जण असतील तर 'मार्शा दोग़ीला'. दिवसभर आई आणि मावशीच्याच सहवासात वाढलेला मुलगा स्वतःबद्दलही स्त्रीवर्गातलं क्रियापद वापरतो, पाहुणे हसतात, आणि त्या दिवसापासून तो जर्मनमध्ये उत्तर देऊ लागतो. ताईंनी सगळ्यात आधी हे हसणं बंद करावं. चूक दाखवूच नये, बरोबर रूप आपल्या पुढच्या वाक्यात सहज म्हणावं.

दुसरं, हाताला काम असलेल्या वेळी बोलावं. गलनश, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या तुकड्यांचा चेचेन पदार्थ, करताना घट्ट पीठ लाटायचं, बोटभर पट्ट्या कापायच्या, प्रत्येक तुकडा तीन बोटांनी दाबून स्वतःकडे ओढत वळवायचा, मग मांसाच्या रश्शात उकळायचा. लसूण मिठाबरोबर कुटून त्यात गरम रस्सा घालायचा. घे, दाब, ओढ, टाक ही क्रियापदं अर्ध्या तासात शंभरदा येतात आणि कुणी परीक्षा घेत नसतं. मोजायलाही हीच वेळ चांगली. चाळीस म्हणजे दोन विशी, साठ म्हणजे तीन विशी अशी तिथली मोजणी आहे, आणि चार हा आकडा वस्तूच्या वर्गाप्रमाणे रूप बदलतो.

वाचन नंतर. आजची लिपी सिरिलिक, 49 अक्षरांची. त्याआधी अरबी आणि लॅटिन लिप्या होऊन गेल्या. लिहिताना स्वरांची लांबी दिसत नाही, म्हणून शब्द कानाने माहीत नसेल तर तो चुकीचाच वाचला जातो. शिवाय कळफलकांवर बहुधा न मिळणारं एक उभ्या दांड्यासारखं अक्षर आहे. त्याऐवजी कोणी 1 हा आकडा टाइप करतं, कोणी लॅटिन अक्षर. ऑनलाइन कोशात शब्द सापडला नाही तर तिन्ही प्रकारे शोधून पाहा.

खरा आधार मात्र समवयस्कांचा. जॉर्डनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसलेल्या चेचेनांनी झर्का, अझराक अशा वस्त्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ भाषा बोलती ठेवली, कारण तिथे पोरं पोरांशी चेचेन बोलत होती. एकट्या आईवर हे ओझं टाकणं अन्यायाचं आहे. दोन-तीन घरांची मुलं आठवड्यातून एकदा एकत्र खेळली, तर घरच्या शिकवणीपेक्षा फरक लवकर दिसेल.

प्रश्न: पालकसभेत वडील मुलाचं कौतुक ऐकून चेहराही हलवत नाहीत. मुलीबद्दल काही सांगायचं असेल तर कोणाशी बोलावं?

उत्तर: वडीलधाऱ्यांसमोर आपल्या मुलाचे लाड न करणं हा जुना शिष्टाचार आहे. त्यावरून माया मोजू नका. मोठं माणूस आत आलं की उठून उभं राहणं, बापाकडच्या सात पिढ्यांची नावं पाठ असणं, आपल्या तइपात म्हणजे कुळात लग्न न करणं, या गोष्टी भाषा विसरलेल्या घरांतही टिकलेल्या दिसतात. धर्माच्या बाबतीत मात्र पिढ्यांत ओढाताण आहे. आजोबांचा कादिरी या सूफी पंथातला झिक्र, म्हणजे देवाच्या नावाचा जप, काही तरुणांना धर्माबाहेरचा वाटतो, तर आजोबांना नातवाची इंटरनेटवरून आलेली कर्मठ शिकवण परकी वाटते.

या सगळ्याचा सर्वांत जास्त भार मुलींवर पडतो. घराची अब्रू त्यांच्या वागण्यावर तोलली जाते, आणि एखादा फोटो चेचेन चॅटगटांत तासाभरात फिरतो. म्हणून ऐकीव गोष्ट भावाच्या किंवा वडिलांच्या कानावर घालू नका. आधी मुलीशी एकटीशी बोला आणि घरी कोणाला सांगितलेलं चालेल ते तिलाच विचारा. धोका वाटला तर शाळेच्या समुपदेशकामार्फत बालसंरक्षण यंत्रणेकडे जा.

प्रश्न: सुट्टीत मुलांना चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझनीला, आजीकडे पाठवावं का?

उत्तर: निर्वासित दर्जा असेल तर नको. मायदेशी जाणं किंवा रशियन पासपोर्ट नव्याने काढणं हे त्या देशाचं संरक्षण पुन्हा स्वीकारणं मानलं जाऊ शकतं. त्यातून दर्जा काढून घेण्याची कारवाई सुरू होते, आणि मुलांचा दर्जा पुष्कळदा पालकांच्याच दर्जावर उभा असतो. रशियन नागरिक असलेल्या मुलग्यांना 18 ते 30 या वयात लष्करी सेवेचं बोलावणंही येऊ शकतं. आजीची भेट तिसऱ्या देशात ठरवा, पण निर्वासितांच्या प्रवासपत्रावर तिथे व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासातून लेखी विचारून घ्या.