हळदीच्या कॅप्सूलआधी सीआरपीचा आकडा नीट वाचा

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ३४ वर्षांचा, डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ सहा आठवडे चालू, फरक निम्माच. फुल बॉडी चेकअपमध्ये एचएस-सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्ताची टेस्ट) ६.२ आला. 'अंगात इन्फ्लमेशन (दाह) आहे, ते उतरलं की मूडही सुधारेल' असं कुणीतरी सांगितलं आणि सेलेकॉक्सिब ही पेनकिलर व हळदीच्या कॅप्सूल सुचवल्या. द्यायच्या का?

सेलेकॉक्सिब आपल्या मनाने अजिबात देऊ नका. कारण पुढे येतंच आहे.

आधी रिपोर्टवरचं एकक बघा. मिग्रॅ प्रति लिटर असेल तर ६.२ म्हणजे मध्यम वाढ. मिग्रॅ प्रति डेसिलिटर असेल तर तोच आकडा लिटरच्या हिशेबाने ६२ होतो. मग मूडची चर्चा बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधायचा. १ च्या खाली, १ ते ३, ३ च्या वर हे जे टप्पे रिपोर्टवर छापलेले असतात ते हृदयविकाराच्या जोखमीसाठी ठरवलेले आहेत. डिप्रेशनचं निदान त्यावरून होत नाही.

सीआरपी यकृतात तयार होतं, मुख्यतः आयएल-६ या सायटोकाइनच्या (दाहाचा निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाच्या) इशाऱ्यावर. रक्तात त्याचं अर्धायुष्य (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण १९ तास. म्हणजे आकडा सांगतो तो गेल्या काही दिवसांतला प्रकार, वर्षभराचा नाही. आठवड्यापूर्वीचा ताप, किडलेली दाढ, हिरड्यांतून येणारं रक्त, चिकुनगुन्यानंतर धरलेले सांधे, आदल्या दिवशीचा जिममधला दणका, सिगारेट, सुटलेलं पोट यांतलं काहीही तो वर नेऊ शकतं. पोटावरची चरबी तर स्वतःच आयएल-६ सोडत असते. म्हणून सर्दी-ताप नसताना, दोन दिवस जड व्यायाम टाळून, दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये टेस्ट परत करा. उपाशी राहायची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. दाह आणि मूड यांचा संबंध खरा आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा हेपेटायटिस सीच्या जुन्या उपचारातून आला. इंटरफेरॉन अल्फाची (हेही एक सायटोकाइनच) इंजेक्शनं घेणाऱ्यांपैकी साधारण चौघांमागे एकाला काही आठवड्यांत डिप्रेशन यायचं. सायटोकाइन वाढले की आयडीओ नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ट्रिप्टोफॅनला (ज्यापासून मूडशी निगडित सेरोटोनिन बनतं) सेरोटोनिनच्या वाटेवरून कायन्युरेनिनच्या वाटेवर वळवतं. त्याच वाटेवर क्विनोलिनिक आम्ल बनतं, ते मेंदूतल्या, चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट यंत्रणेला डिवचतं. डोपामिन (मेंदूतलं उत्साहाशी निगडित रसायन) तयार व्हायलाही अडथळा येतो. म्हणून अशा डिप्रेशनमध्ये अपराधी भावनेपेक्षा थकवा, कशातच रस न वाटणं, अंग जड होणं हे जास्त दिसतं. तापात आपण कोपऱ्यात पडून राहतो, जेवण नको होतं, कुणी बोलू नये असं वाटतं. तीच अवस्था ताप नसताना रेंगाळावी, तसं काहीसं.

पण 'दाह उतरवला की मूड वर' हे गणित इतकं सरळ नाही. स्टेरॉइडइतकं दाह उतरवणारं औषध शोधून सापडणार नाही, आणि प्रेडनिसोलोन रोज ४० मिग्रॅच्या वर गेलं की मॅनिया (अतिउत्तेजित मूड), डिप्रेशन, निद्रानाश यांचा धोका वाढत जातो. दुसरं उदाहरण अटलांटाच्या एमरी विद्यापीठातलं, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं. औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब (दाह रोखणारं इंजेक्शन) किंवा प्लासिबो (औषध नसलेलं, नुसतं दिसायला तसंच) दिलं. एकूण निकाल बरोबरीचा. फक्त ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं त्यांच्यात औषध सरस वाटलं, आणि ज्यांचं कमी होतं त्यांच्यात चक्क प्लासिबो बरं ठरलं. डिप्रेशनच्या सुमारे चौथाई रुग्णांतच सीआरपी ३ च्या वर असतं. बाकीच्यांना दाह मारणारी औषधं देणं म्हणजे दुखणं पायाला आणि मलम डोक्याला.

सेलेकॉक्सिबवर छोटे अभ्यास झालेत, पण मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. एस्सिटॅलोप्रॅममुळे प्लेटलेट्समधलं (रक्त गोठवणाऱ्या पेशींमधलं) सेरोटोनिन घटतं, त्यात पेनकिलर जठराच्या अस्तराला त्रास देतं, आणि पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते. डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनपेक्षा सेलेकॉक्सिबमध्ये ती कमी, पण शून्य नाही. हृदय आणि किडनीची काळजी वेगळीच. भाऊ लिथियमवर (बायपोलरचं औषध) असता तर यापैकी कुठल्याही पेनकिलरने लिथियमची पातळी विषारी होऊ शकली असती. हे घरात बायपोलरचा रुग्ण असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

हळद: पावडरमध्ये कर्क्युमिन (हळदीतला मुख्य औषधी घटक) जेमतेम ३ टक्के, म्हणजे चमचाभर (३ ग्रॅम) हळदीत ९० मिग्रॅ, तेही नीट शोषलं जात नाही. हळदीच्या दुधाने तोटा नाही, पण उपचार म्हणून मोजू नका. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल शोषण वाढवतात आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रामुख्याने अशाच कॅप्सूलच्या आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मुळीच नको.

ओमेगा-३ त्यामानाने बरं, पण लेबल मागच्या बाजूने वाचा. '१००० मिग्रॅ फिश ऑइल' लिहिलेल्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिग्रॅ ईपीए आणि १२० डीएचए (ओमेगा-३ चे दोन प्रकार) असतं. मूडसाठी ईपीए जास्त असलेलं मिश्रण, रोज १ ते २ ग्रॅम ईपीए वापरलं जातं, म्हणजे अशा सहा ते अकरा कॅप्सूल. जवसाच्या चटणीतल्या मेदाचं ईपीए फारच थोडं होतं. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली चांगले.

डॉक्टरांकडे जाताना सीआरपीसोबत टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), बी-१२ आणि हिमोग्लोबिन घेऊन जा. शाकाहारी माणसाचं किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते, आणि थकवा-उदासी त्यानेही येते. १० मिग्रॅवर निम्मा फरक असेल तर डोस वाढवायचा की औषध बदलायचं, हा पहिला प्रश्न विचारा. सीआरपी १ च्या वर असणाऱ्यांत एस्सिटॅलोप्रॅम एकट्याने कमी पडतं आणि नॉरट्रिप्टिलिन किंवा जोडीला बुप्रोपिऑन (दोन्ही डिप्रेशनचीच औषधं) बरं चालतं, असं दोन औषध-चाचण्यांच्या विश्लेषणात दिसलं होतं. तो नियम नव्हे, डॉक्टरांपुढे मांडायचा मुद्दा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. दातांच्या डॉक्टरांकडेही एकदा न्या. हिरड्यांचा जुनाट आजार सीआरपी वर ठेवतो आणि सहसा कुणी तिकडे बघत नाही. जगणं नको असल्याचं त्याने बोलून दाखवलं तर या कशाचीच वाट पाहू नका, त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.