काळी प्लेट बंद करून बघा, मग फाइल पाठवा

छापून आलेल्या काळ्या मजकुराच्या कडेला लालसर-निळसर झाक दिसते आणि प्रेसवाले फाइललाच दोष देतात, असं तुम्ही लिहिलंय. मला प्रेसवाल्यांचं पटतं. मजकूर वर्डमधून घेतलाय ना? इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या स्वॉचेसमध्ये (रंगांच्या यादीत) 'वर्ड_आर०_जी०_बी०' असं काही दिसतंय का बघा. तो आरजीबी काळा, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या पद्धतीतला. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत रूपांतर होताना तो चारही प्लेटवर (प्रत्येक शाईची प्लेट वेगळी) जातो, आणि मशीनवर रजिस्टर, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं, केसभर हललं की अक्षर फाटतं. ९ पॉइंटातला अनुस्वार म्हणजे केवढासा ठिपका! त्याचे चार ठिपके झाले तर वाचणाऱ्याने काय करावं?

इनडिझाइनमध्ये शिफ्ट एफ६ दाबा, प्रत्येक शाईची प्लेट वेगळी दाखवणारा सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडेल. व्ह्यूमध्ये सेपरेशन्स निवडा आणि फक्त ब्लॅकचा डोळा बंद करा. काळा मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. मातकट तपकिरी अक्षरं मागे उरली, तर तीच तुमची चूक. प्रत्येक पान असं बघा, फोटोओळी आणि पानक्रमांकसुद्धा. कोरलमध्ये काम करत असाल तर पीडीएफ काढून अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूत हेच करा.

तिथेच ओव्हरप्रिंटही पकडता येतं, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं. एका स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरचा पांढरा लोगो माझ्या हातून गेलाय. पडद्यावर ठसठशीत होता, छापून आला तेव्हा तिथे नुसती निळी जमीन. लोगो मुळात काळा, त्याला ओव्हरप्रिंट लावलेलं, आणि मी फक्त रंग पांढरा केला होता. पांढऱ्याला शाईच नसते, म्हणून खालचा निळा तसाच छापला गेला. प्रिव्ह्यू उघडला असता तर तो तिथेच गायब झालेला दिसला असता. हजार मुखपृष्ठं पुन्हा छापावी लागली, ते अजून विसरलो नाही.

प्रिव्ह्यूच्या यादीत चारच शाई आहेत ना, तेही मोजा. पँटोन (ठरावीक क्रमांकाची तयार शाई) १८५ सी आणि जुन्या फाइलमधून आलेला १८५ सीव्हीसी दोन्ही असले, तर एकाच लाल रंगाच्या दोन प्लेट निघतील. इंक लिमिट, म्हणजे एका जागी पडणाऱ्या सगळ्या शाईंच्या बेरजेची मर्यादा, आर्ट पेपरला साधारण ३००, न्यूजप्रिंटला २४० टक्के धरतात, पण आकडा तुमच्या प्रेसकडूनच घ्या. व्ह्यूमध्ये इंक लिमिट निवडलं की मर्यादेपलीकडचा भाग लाल दिसतो. तिथे शाई वाळत नाही आणि वर येऊन पडणाऱ्या कागदाच्या पाठीला लागते.

हे सगळं प्लेटपुरतं. गुलाबी नेमका किती गुलाबी येईल ते पडद्यावर ठरवू नका, त्यासाठी प्रेसकडून प्रूफ (नमुन्याची प्रत) काढून घ्या.