दुसऱ्या दिवसाचा ईईजी 'मंद' आला म्हणून आशा सोडावी का?

ताई, आपल्या सहा वर्षांच्या भाच्याला तळीतून बाहेर काढल्यावर त्याचे हृदय पुन्हा सुरू झाले, त्याला गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात नेले, आणि दुसऱ्या दिवशीचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, 'फार मंद' आल्याचे कळताच घरच्यांनी आशा सोडली, असे आपण लिहिले आहे. मी बावीस वर्षे मुलांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका होते. माझे उत्तर इतकेच की केवळ या एका आलेखावरून आशा सोडू नये.

त्या वेळी मुलाला मिडॅझोलॅमसारखे गुंगीचे औषध चालू होते का, हे आधी विचारा. अशा औषधाने मेंदूच्या लहरी मंदावतात; शिवाय ऑक्सिजन तुटल्यामुळे यकृत आणि मूत्रपिंडांनाही फटका बसलेला असतो, म्हणून औषध बंद केल्यावरही ते शरीरातून निघायला वेळ लागतो. शरीर थंड ठेवले असेल तर त्याचाही परिणाम आलेखावर दिसतो.

डॉक्टर केवळ वेग पाहत नाहीत. लहरी सलग आहेत की मध्येच उसळी येऊन पुन्हा लांब सपाट रेषा उमटते, हाक मारल्यावर किंवा चिमटा काढल्यावर आलेख बदलतो का, झोपेत उमटणारे ठरावीक लहरींचे झुपके परतले आहेत का, हे सारे पाहिले जाते. सलग आणि प्रतिसाद देणारा आलेख लवकर दिसला तर ते शुभचिन्ह असते. वाईट आलेखाचे मात्र तसे नाही: गुंगी उतरल्यावर, तिसऱ्या दिवसानंतरही तो तसाच राहिला तरच त्याचे वजन वाढते, आणि तेव्हाही बुबुळांचा प्रतिसाद, एमआरआय आणि प्रत्यक्ष तपासणी त्याच्या जोडीला घ्यावी लागते. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती घाईची, कारण वाईट आलेख पाहून उपचार थांबवले की मूल जाते आणि भाकीत खरे ठरल्यासारखे दिसते; ते चुकले असते का, हे मग कधीच कळत नाही.

ईईजीचा आणखी एक उपयोग आहे: लपलेले झटके त्यात दिसतात, आणि झटक्यांवर उपचारही करता येतात. अशा मुलांना बाहेरून काहीही न दिसता मेंदूत झटके येऊ शकतात. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले असेल तर हात-पाय हलतही नाहीत. अर्ध्या तासाच्या नोंदीत हे झटके सहज निसटतात. म्हणून सोय असेल तेथे सलग ईईजी ठेवावा, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनही सांगते. सोय नसेल तर तपासणी पुन्हा करता येईल का, हे विचारणे हा तुमचा हक्क आहे. ताप येऊ न देणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

बरे होण्याचा हिशेब आठवड्यात लागत नाही. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या मुलांवरील अमेरिका-कॅनडातील जो मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 33 आणि 36.8 अंश सेल्सिअस या शरीराच्या दोन तापमानांची तुलना होती. त्यातही मुलांची अवस्था 12 महिन्यांनी मोजली होती.

पुढच्या ईईजीच्या वेळी आईला जवळ उभे राहू द्यावे, अशी विनंती करा. प्रतिसाद पाहताना अनोळखी आवाजापेक्षा तिची हाक मी अधिक मोलाची मानत आले आहे. घरात कोकणी बोलत असाल तर तिने कोकणीतच, लाडक्या नावाने हाक मारावी.