आजीच्या कपाटात निघालेले हिरवे इंग्लिश कप: अँटिक आहेत का, वापरावेत का, आणि जुळणाऱ्या प्लेटा-किटली कुठे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की देवळाली कॅम्पातलं आजीचं घर आवरताना फिकट हिरव्या रंगाचे चार कप आणि सहा बश्या निघाल्या. बुडाला ‘वुड्स वेअर, बेरिल’ आणि ‘इंग्लंड’ असा शिक्का आहे. मी नाशिकरोडला राहते आणि बरीच वर्षं जुन्या चिनीमातीच्या मागे आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. सगळ्यात आधी एक विनंती: दोन कप याला, दोन त्याला असं करू नका. दहाही नग एकाच घरात राहू द्या.

वुड अँड सन्स ही स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेमची कंपनी, १८६५ सालची. बर्स्लेम, हॅन्ली, टन्स्टल, लाँगटन, फेंटन आणि स्टोक या सहा गावांची मिळून १९१० साली स्टोक-ऑन-ट्रेंट ही एक नगरी झाली. आपल्याकडच्या जुन्या घरांतून निघणाऱ्या इंग्लिश कपबश्यांपैकी पुष्कळशा याच पट्ट्यातल्या असतात. बेरिल हा त्यांचा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला माल. युद्धामुळे ब्रिटिश सरकारने १९४२ साली घरच्या बाजारात नक्षीदार भांडी विकायला बंदी केली, ती थेट १९५२ साली उठली. त्या दिवसांत असली एकरंगी, दणकट भांडी इंग्लंडभर कँटीनपासून घरापर्यंत पोचली. म्हणून तुमच्या कपांवर फुलं-पानं नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. तो निखळ हिरवा रंग हीच त्यांची ओळख आहे, आणि मला तरी तो सोनेरी काठाच्या कपांपेक्षा जास्त आवडतो.

युद्धानंतरही बेरिल बरीच वर्षं निघत राहिलं. त्यामुळे हे ‘अँटिक’ नाही, ‘व्हिंटेज’ म्हणा, म्हणजे जुनं खरं पण शंभरीच्या आतलं. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही साधारण शंभर वर्षांची अट आहे, तेव्हा सरकारदरबारी नोंदणीची काळजी नको. शिक्क्यावरून अंदाज बांधायचा एक ढोबळ नियम लक्षात ठेवा. अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे १८९१ पासून शिक्क्यात ‘इंग्लंड’ दिसू लागलं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर माल बहुधा विसाव्या शतकातला.

आता एक बशी उजेडात पालथी धरा. बुडाच्या कडेजवळ तीन बारीक खरखरीत ठिपके दिसतात का बघा, नखाला लागतात. हे व्यंग नव्हे. तुमची भांडी अर्थनवेअरची, म्हणजे जाडसर, अपारदर्शक चिनीमातीची आहेत. ही माती भाजल्यावरही सच्छिद्र राहते, पाणी पिते. म्हणून तिला बुडासकट सगळीकडून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, द्यावं लागतं, आणि असं ओलं ग्लेझ भट्टीच्या फळीला चिकटू नये म्हणून बशी तीन टोकांच्या छोट्या घडवंचीवर टेकवतात. त्या टोकांच्या या खुणा. बोन चायना वेगळी. तिच्यात निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते, बोट मागे धरलं तर सावली आरपार दिसते आणि टिचकी मारली तर खणखणीत वाजते. तुमचा कप टिचकीला बद्द वाजेल. तडा गेलेला असेल तर आणखी बद्द, म्हणून सगळे कप ओळीने वाजवून पाहा. एखादा वेगळा वाजला की त्याच्या कानाच्या सांध्यापाशी केसासारखी चीर शोधा.

जुळवणीत लोक नाव बघून फसतात. बेरिल म्हणजे बेरिल असं होत नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या भट्ट्यांतून निघालेल्या हिरव्यात फरक असतो, कुठे पिस्त्याकडे झुकलेला, कुठे राखाडी. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली तो कळतच नाही. त्यामुळे खरेदीला जाताना आपली एक बशी कापडात गुंडाळून सोबत न्या, आणि दोन्ही नग दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवा. फोनमधला फोटो रंगाच्या बाबतीत काही उपयोगाचा नाही. बशीच्या मधल्या खळग्याची गोलाई कागदावर गिरवून तो कागद पाकिटात ठेवा. नवा कप त्या खळग्यात हलता कामा नये. शिक्क्याची अक्षरंही एकसारखी आहेत ना ते पाहा.

आणि आधी कप शोधा. कान तुटतो, काठाचा टवका उडतो, कप जातो आणि बशी मागे राहते. तुमच्याकडेही हेच झालंय, चाराला सहा. आपल्याकडे बशीतून चहा प्यायची सवय, त्यामुळे जुन्या बश्यांच्या मधोमध ग्लेझ घासून मंद झालेलं असतं. त्याने किंमत थोडी उतरते, पण मी असे नग खुशाल घेते. किटली सगळ्यात दुर्मीळ, कारण झाकण हरवतं आणि तोटीचं टोक फुटतं. झाकण बदललेलं नाही ना हे रंगावरूनच ठरवा.

नाशकात याचं ठरलेलं दुकान नाही. माझा भर देवळाली कॅम्प आणि लॅम रोडच्या जुन्या बंगल्यांवर असतो. तिथलं एखादं घर रिकामं होतंय असं कळलं की आधीच शब्द टाकून ठेवायचा. जुन्या नाशकात वाडे पडतात तेव्हा तांब्या-पितळेला गिऱ्हाईक असतं, चिनीमाती मात्र पोत्यात भरून जाते आणि वाटेतच फुटते. म्हणून भंगारवाल्या दादांशी ओळख ठेवा. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही चक्कर मारा, कधीमधी एखादी बशी दिसते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे, माल जास्त आणि भावही जास्त. इंग्लंडमधून ऑनलाइन मागवण्याच्या मी विरोधात आहे. टपालखर्च आणि कस्टम धरलं तर ते पुण्या-मुंबईपेक्षा महाग पडतं, शिवाय फुटण्याची धास्ती. परगावाहून आणताना कप एकात एक घालू नका. प्रत्येक कपाच्या पोटात कागदाचा बोळा भरा, बाहेरून कापड गुंडाळा, आणि पिशवी गाडीत मांडीवर ठेवा.

चहाला वापरायचे का? ग्लेझ अखंड असेल तर अधूनमधून वापरा, पण जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं हे धरून चाला. ज्या कपात आतून बारीक जाळी पडली आहे तो फक्त मांडणीत ठेवा. त्या भेगांतून चहा आतल्या मातीत मुरतो आणि तिथे नीट धुणं होत नाही. लिंबाचा चहा, ताक, लोणचं यांपैकी काहीही या भांड्यांत नको, कारण आंबटाने शिसं सुटतं. लहान मुलांना आणि गरोदर बाईला यातून रोज काही देऊ नका. मायक्रोवेव्हही नको. डिसेंबर-जानेवारीत नाशकात कपाटातला कप गार पडलेला असतो. त्यात उकळता चहा ओतला की जाळी पडायला वेळ लागत नाही. आधी कोमट पाण्याने विसळून घ्या, मग चहा.

चहाचे डाग खायच्या सोड्याच्या ओल्या पेस्टने मऊ फडक्याने चोळून काढा. भेगांत मुरलेला तपकिरी डाग असेल तर केमिस्टकडचं सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, कप त्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि नंतर साध्या पाण्यात खूप वेळ भिजवा. ब्लीच चुकूनही नको. ते आत मुरून राहतं आणि पुढे ग्लेझचे पोपडे निघतात. तारेची घासणी या कपांच्या आसपासही ठेवू नका, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे दहा नग सिंकमध्ये द्यायचेच नाहीत, स्वतः धुवायचे.

कपांच्या बुडाचे आणि कानाच्या सांध्याचे फोटो टाकलेत तर शिक्का कोणत्या काळातला वाटतो ते बघून सांगेन.