पूल कुठे मोडला, ते आधी बघा

जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. प्रयोगशाळा नाही, खर्चाला पैसे नाहीत. मुलांबरोबर पुलाचं छोटं मॉडेल बांधायची सुरुवात कशाने करू?

रद्दीतल्या कागदाने. पुस्तकांच्या दोन थप्प्या वीतभर अंतरावर ठेवा आणि वर एक कागद टाका. दोन-चार नाणी ठेवली की तो खाली बसतो. आता त्याच कागदाला जपानी पंख्यासारख्या बारीक घड्या घाला. मुलांना नाणी पुरणार नाहीत! कागद तोच, फक्त त्याला उंची आली. मग फूटपट्टी आधी आडवी आणि नंतर उभी धरून वाकवायला सांगा. का, ते मुलंच सांगतील.

माझ्या मुलाने आइस्क्रीमच्या शंभर काड्यांचा पूल केला, तो सहा किलोला मोडला. त्याच्या मैत्रिणीचा साठ काड्यांचा पूल पंधरा किलोला टिकला. असं कसं?

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत बाजूंना चौकोनच चौकोन दिसतात. चार काड्या कोपऱ्यांत टाचणीने जोडून ढकलून बघा, चौकोन लगेच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण जागचा हलत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलांवर त्रिकोणांच्या रांगा दिसतात, त्या यासाठीच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फोटोत वरची एक काडी बाहेरच्या बाजूला वाकलेली आहे. दोन टोकांवर टेकलेल्या पुलावर वजन आलं की खालच्या काड्यांवर ताण येतो, वरच्यांवर दाब. ताणातली काडी सहसा दगा देत नाही, दाबातली लांब काडी मात्र तुटायच्या आधीच बाजूला वाकते. तिची आधाराविना लांबी निम्मी केली तर ती साधारण चौपट दाब सोसते. म्हणून पुलाच्या दोन्ही बाजू वरून आडव्या काड्यांनी एकमेकींना बांधायच्या. मुलाने उरलेल्या काड्या एकावर एक चिकटवून पूल जड केला, त्यापेक्षा पाच-सहा काड्या इथे घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि फेव्हिकॉल पातळ लावा, कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर वाळू द्या.

मुलं महिनाभर राबून पूल करतात आणि स्पर्धेत तो मोडतात. काही मुली रडतात. मोडायलाच हवा का?

हवाच. बांधकामावर काँक्रीट ओततानाच त्याचे १५ सेंमीचे ठोकळे भरून ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. फोडल्याशिवाय ताकद कळत नाही.

पण मोडण्याआधी प्रत्येकाने कुठे मोडेल तिथे लाल पेनने खूण करावी. पुलाच्या मधोमध बादली टांगा, जमिनीपासून वीतभरच वर, आणि कपाकपाने वाळू ओता. मुलं दोन पावलं मागे, डोळ्यांवर चष्मे. एका शाळेत सहावीतल्या मुलीने तुकडे उचलून बघितले आणि म्हणाली, "सर, काडी नाही तुटली, गोंद सुटलाय." त्या दिवशी तीच खरी इंजिनिअर होती. माझा राग आहे तो बक्षीस देऊन तुकडे केरात टाकण्यावर. पंधरा दिवस द्या, दुसरा पूल बांधू द्या. रडणं तिथे थांबतं.

आम्ही महाडचे. मुलं विचारतात, सावित्रीवरचा पूल का गेला? मॉडेलमधून दाखवता येईल?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, माणसं गेली. तुमच्या वर्गात त्या घरांतली मुलं असतील, म्हणून आधी त्यांच्याशी बोला. काड्यांच्या पुलावर आपण वरून वजन टाकतो, नदी मात्र खालून काम करते. परातीत ओली वाळू पसरा, त्यात लाकडी ठोकळा खांबासारखा रोवा, परात जरा कलती करून वरच्या टोकाला तांब्याने संथ धार धरा. ठोकळ्याच्या पुढच्या बाजूची वाळू आधी निघून जाते आणि तिथे खड्डा पडतो. थोड्या वेळाने ठोकळा त्या खड्ड्यात कलतो. वरून कुणी बोटही लावलेलं नसतं.