शेती प्रश्नोत्तरे : दिव्याजवळची शेवंती का फुलली नाही?

प्रश्न : चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी माझी शेती आहे. जूनअखेर वीस गुंठ्यांत पिवळी शेवंती लावली. दिवाळीत बहुतेक शेत फुलले व माल जळगावला गेला. परंतु विहिरीकडच्या आठ-दहा ओळी हिरव्यागार आणि कमरेएवढ्या उंच असूनही त्यांना अद्याप कळी नाही. काश्या (लागवडीसाठीचे मुळांसह फुटवे), खत, पाणी सर्व एकच आहे. रानडुकरांसाठी विहिरीवर रात्रभर मोठा दिवा असतो, एवढाच काय तो फरक. नत्र जास्त झाले असेल काय?

उत्तर : आपण ‘एवढाच’ म्हणून जो फरक सांगितला आहे, त्यातच बहुधा आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. शेवंतीला कळी धरण्याचा इशारा झाडाच्या वयाने मिळत नाही, तर लांब, अखंड काळोख्या रात्रीने मिळतो. खानदेशात जूनमध्ये दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो. ऑगस्टपासून तो भराभर लहान होत जातो, पाने वाढत्या रात्रीची नोंद घेतात आणि तेथून जातीनुसार सुमारे सात ते बारा आठवड्यांत फूल उमलते. मध्येच उजेड पडत राहिला, तर झाडाच्या लेखी ती रात्र तुटते, आणि ते फुलण्याचे सोडून नुसते वाढत राहते. कर्नाटकातील शेतकरी हीच गोष्ट फुलांचा हंगाम पुढे ढकलण्यासाठी मुद्दाम करतात. शेतावर दिवे टांगून मध्यरात्रीचे काही तास ते पेटते ठेवतात. आपल्याकडून ते रानडुकरांच्या निमित्ताने घडले.

खात्री करावयाची असल्यास त्या ओळींतून एकदा सावकाश फिरून पाहावे. दिव्यालगत एकही कळी नाही, दूर जावे तशा कळ्या वाढत जातात, आणि विहिरीच्या कठड्याची किंवा एखाद्या झाडाची सावली रात्री जेथे पडते तेथील रोपे मात्र फुललेली आहेत, असे दिसल्यास शंकेला जागा उरत नाही. नत्राच्या अतिरेकाने असे दिव्याभोवतीचे वर्तुळ पडत नसते.

झाडे उपटू नयेत. दिवा आजच बंद करावा, किंवा त्याला टोपण बसवून उजेड फक्त बांधाबाहेर पडेल असे करावे. आता रात्री मोठ्या असल्याने कळी धरेल; थंडीमुळे फुलायला थोडा अधिक काळ लागेल, पण माल लग्नसराई थंडावलेल्या पौषात न येता माघातील लग्नांच्या सुमारास येण्याची शक्यता आहे, आणि तो आपल्या पथ्यावरच पडेल. उंच वाढलेल्या झाडांना काठ्या व सुतळीचा आधार मात्र आताच द्यावा.

प्रश्न : लागवड एप्रिल-मे महिन्यांत करावी असे वाचले. अमळनेर भागात ते जमेल काय?

उत्तर : ठिबक असले तरी मे महिन्यातील ४४-४५ अंशांच्या उन्हात कोवळ्या काश्या जगवणे खर्चिक पडते, त्यामुळे आमच्या मते आपल्याकडे जूनचा दुसरा पंधरवडा बरा. त्याहून फार उशीर मात्र करू नये. ऑगस्टमध्ये लावलेली शेवंतीही आपल्या वेळेलाच कळी धरते, पण तोवर झाडाचा घेरच झालेला नसतो आणि उत्पादन हातचे जाते. पुढील काश्यांसाठी फुलांचा हंगाम संपल्यावर निरोगी झाडे जमिनीलगत छाटून, शेणखत घालून राखावीत व उन्हाळ्यात त्यांवर शेडनेट धरावे. ही मातृझाडे केळीच्या बांधाला ठेवू नयेत, कारण माव्यामार्फत पसरणारा आणि केळीवाल्यांना ठाऊक असलेला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) हा विषाणुरोग शेवंतीवरही येतो. काश्या सरी-वरंब्यावर ६० × ३० सेंटीमीटर अंतराने लावाव्यात आणि सुमारे चार आठवड्यांनी शेंडा खुडावा. शेंडा खुडताना हात आखडतो, हे खरे. पण फांद्या तेथूनच फुटतात, आणि फांद्या म्हणजे फुले.

प्रश्न : काळ्या जमिनीत रोपे पिवळी पडून मरतात. औषध सुचवावे.

उत्तर : औषधाआधी निचरा पाहावा. तापीकाठच्या भारी जमिनीत पावसाचे पाणी दोन दिवस साचले, तरी मुळे कुजतात. उंच गादीवाफे करावेत, कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून द्यावी, आणि मेलेली रोपे मुळासकट काढून शेताबाहेर नष्ट करावीत.